औलूला पीएचडीला जाऊ का, असं विचारणाऱ्या ठाणेकराला

तुझं म्हणणं थोडक्यात असं: ठाण्यात राहतोस, इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक झालंय, महापेला एका कंपनीत वीजमीटरचं फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच बसणारा प्रोग्रॅम) लिहितोस आणि अंगावर घालायच्या आरोग्य-सेन्सरवर पीएचडी करायला फिनलंडला, औलूला जायचं मनात आहे. पगार पुरेल का, थंडी झेपेल का, आईबाबांचं कसं होणार, आणि वाशीतला कन्सल्टंट म्हणतो तसं आधी तिकडे मास्टर्स करावं का? मी मूळची नेरूळची, औलूत याच विषयात संशोधन करते. उत्तर लांबेल.

कन्सल्टंटचं आधी उरकते. एमटेक हातात असताना दुसरं मास्टर्स कशाला? फिनलंडमध्ये पीएचडीला फी नाही, तू कुठल्याही देशाचा असलास तरी. मास्टर्सला युरोपाबाहेरच्या मुलांना दरवर्षी हजारो युरो भरावे लागतात. तुझ्या पीएचडीत त्या माणसाला काही सुटत नाही, म्हणून तो तो रस्ता दाखवत नाही. पीएचडीची जागा ही इथे बहुतेक वेळा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात, किंवा प्राध्यापकाला थेट मेल करून मिळते. मध्ये कुणी लागत नाही.

आता औलूच का, हे तुझ्या मनात स्पष्ट आहे असं पत्रावरून वाटलं नाही. ‘तिकडे अंगठीवाली कंपनी आहे’ एवढंच लिहिलंयस. ती औरा, बोटातल्या अंगठीतून ठोके आणि झोप मोजणारी, २०१३ साली औलूतच सुरू झाली. पण गोष्ट त्याआधीची आहे. औलू विद्यापीठातल्या सेप्पो सायनायाकांगास या प्राध्यापकाने १९७७ मध्ये शेजारच्या केम्पेलेत पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीपट्ट्यावरून मनगटावर बिनतारी ठोके दाखवणारं यंत्र बाजारात आणलं. नंतर नोकियाने गावात इंजिनिअरांची फौज उभी केली. नोकियाचा फोनचा धंदा बसल्यावर त्यांतले बरेच जण गावातच राहिले आणि आरोग्याच्या छोट्या कंपन्यांत शिरले. त्यामुळे कमी विजेवर चालणारं रेडिओ सर्किट समजणारी माणसं इथे बसस्टॉपवर भेटतात म्हटलं तरी चालेल. छापील इलेक्ट्रॉनिक्सवर (लवचीक पट्टीवर शाईसारखी छापलेली सर्किटं) काम करणारी व्हीटीटी ही सरकारी संशोधन संस्था लिनानमा भागात विद्यापीठाच्या शेजारीच आहे, तर मेडिकल कॅम्पस आणि विद्यापीठाचं रुग्णालय गावाच्या दुसऱ्या अंगाला, एकमेकांना लागून.

हे रुग्णालयाचं मी मुद्दाम लिहिलं. या विषयात गाइड निवडताना क्रमवारी, पेपरांची संख्या, देश हे सगळं मागे ठेव आणि एकच गोष्ट खोदून विचार: सेन्सर कुणाच्या अंगावर लावता आणि बरोबर उत्तर कशावरून ठरवता? म्हणजे रुग्ण कुठून येतात, एथिक्स कमिटीची परवानगी मिळालीय की मिळायचीय, तुलनेला ईसीजी कोण लावतं, ब्लड प्रेशरचा संदर्भ कफचा घेता की धमनीत घातलेल्या लाइनचा. ज्या लॅबकडे याची सरळ उत्तरं नाहीत तिथे तुझी दोन वर्षं परवानगीची वाट बघण्यात जातील आणि मग तू दुसऱ्याच्या तयार डेटावर मॉडेल चालवत बसशील. ते काम तुला ठाण्यात बसूनही करता येतं. त्यासाठी कुडकुडायची गरज नाही.

तयार डेटावरून तुझ्या प्रोजेक्टकडे येते. हृदयाचे बिघडलेले ठोके ओळखणारं तुझं मॉडेल, आणि एमआयटी-बीआयएच या सर्वांना खुल्या ईसीजी-संग्रहावर त्याची ९९ टक्के अचूकता आली असं लिहिलंयस. मुलाखतीत हे वाक्य तोंडातून काढलंस की पुढचा प्रश्न ठरलेला आहे, म्हणून आत्ताच ऐक. त्या संग्रहात ४७ माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सत्तरच्या दशकातल्या. सगळे ठोके एकत्र पिसून त्यांतले ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला घेतलेस, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. मॉडेल आजार ओळखत नाही, माणूस ओळखतं. माणसं वेगळी काढून तपास, आकडा धाडकन खाली येईल. तो खाली आलेला आकडा घेऊन मुलाखतीला बस आणि का उतरला ते सांग. ९९ वाल्यांचे अर्ज इथे ढिगाने येतात. आणि दोन यंत्रांची तुलना नुसत्या कोरिलेशनवर (दोन्ही आकडे एकत्र वर-खाली होतात का एवढ्यावर) करू नकोस, ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढायला शीक, त्यात दोन यंत्रांच्या आकड्यांत फरक किती ते दिसतं. डॉक्टर मंडळी आधी तेच मागतात.

तुझी खरी जमेची बाजू तू पत्रात शेवटी, ओशाळल्यासारखी लिहिलीस: तीन वर्षं फर्मवेअर. अरे, इथे मशीन लर्निंगवाले पैशाला पासरी आहेत. एडीसीचं (सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचं) सॅम्पलिंग का चुकतंय, बॅटरी रात्रीतून का उतरते, दोन सेन्सरांची घड्याळं एकमेकांपासून का सरकतात, हे शोधू शकणारा माणूस लॅबला मिळत नाही. वीजमीटरमध्ये तू हेच केलंयस. सीव्हीत ते पहिल्या पानावर घे.

आणि अर्जाआधी एक काम कर. लॅमिंग्टन रोडवरून मॅक्स ३०१०२ या प्रकाशाने नाडी मोजणाऱ्या सेन्सरचं मॉड्यूल आण, ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोड, सोबत हालचाल मोजणारा एक ॲक्सिलरोमीटर आणि संदर्भाला छातीपट्टा. ठाण्याहून घणसोलीला जाताना रोज स्वतःवरच रेकॉर्ड कर. बोटातून परत येणाऱ्या प्रकाशाचा जो भाग नाडीबरोबर हलतो तो एकूण प्रकाशाच्या एखाद-दोन टक्के असतो. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दांडीला लटकलेल्या हातात तो टक्का कुठे गडप होतो, दिघागावला गाडी थांबली की कसा परत येतो, ते एका आलेखात दिसेल. मे महिन्यात चिकट इलेक्ट्रोड घामाने किती तासांत सुटतो तेही लिहून ठेव. असा डेटा औलूत कुणाकडे नाही. मित्रांच्या अंगावर मात्र लावत सुटू नकोस. परवानगीविना घेतलेला दुसऱ्याचा आरोग्याचा डेटा अर्जात दाखवलास तर जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्यात मुरलेला इथला माणूस तिथेच अर्ज मिटवेल.

इथला त्रास बरोबर उलटा. हिवाळ्यात बाहेरून आलेल्या माणसाच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, सिग्नल मरतुकडा येतो. आमच्याकडे माणूस आला की आधी त्याला हातात गरम कॉफीचा कप घेऊन बसवतात, मग अंगठी चढवतात. आता विचार कर, ज्याची बोटं गार आहेत आणि कातडी सावळी आहे त्याचं काय? मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळेपणा देणारं द्रव्य, हिरवा प्रकाश इन्फ्रारेडपेक्षा बराच जास्त शोषतं, आणि मनगटावरची बहुतेक घड्याळं ठोके मोजायला हिरवाच वापरतात. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये लाल आणि इन्फ्रारेड असतो, तरी तिथेही घोळ आहेच. २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचे आकडे आले: ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडलं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. करोनात आपल्याकडे घरोघरी तोच चिमटा बोटाला लावून ९४ आहे की ९३ यावर बेड शोधायचा की नाही ते ठरत होतं. इथले डेटासंच बहुतांश गोऱ्या कातडीचे आहेत, त्यामुळे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या भारतीय उमेदवाराचं म्हणणं कान देऊन ऐकतात.

पैसे. नोकरीचा करार असेल तर पीएचडीवाल्याला कर कापण्यापूर्वी महिन्याला साधारण अडीच ते तीन हजार युरो मिळतात. एकट्याला पुरतात, थोडे उरतात. पीएसओएएस या विद्यार्थी-गृहसंस्थेकडे लगेच अर्ज टाक, भाडं बाहेरच्यापेक्षा कमी असतं. फक्त ऑफर नोकरीची आहे की ग्रँटची (शिष्यवृत्तीसारख्या अनुदानाची), हे नीट बघ. ग्रँट म्हणजे तू कुणाचा कर्मचारी नाहीस: पगारी रजा नाही, कंपनीचा डॉक्टर नाही, आणि पेन्शन-विम्याचा हप्ता स्वतः मेला नावाच्या संस्थेत भरायचा. मेला ही मुळात शेतकऱ्यांची विमासंस्था, तिच्यात २००९ पासून ग्रँटवाले संशोधकही घातले आहेत. मला अजून गंमत वाटते, पण हप्ता गमतीचा नसतो. शिवाय विद्यार्थ्यांची जी आरोग्यसेवा आहे, ती पीएचडीवाल्यांना लागू नाही. एकाच पानावर दोन्ही प्रकारांचा हिशेब मांड.

कागदपत्रं सोपी आहेत. एंटर फिनलंड या सरकारी वेबसाइटवर निवास परवान्याचा अर्ज, मग ओळख पटवायला आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. आल्यावर ओळख क्रमांक, मग बँक, मग बँकेचे ऑनलाइन कोड. ते कोड मिळेपर्यंत या देशात साधी डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा धड घेता येत नाही, तेव्हा पहिल्या महिन्याचे पैसे हाताशी ठेव. लग्न ठरत असेल तर लग्नाचा दाखला अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्क्याने प्रमाणित) करून घे. संशोधकाच्या बायकोला इथे नोकरी करता येते. कायमचं राहायचं स्वप्न असेल तर नियम आवळत चाललेत हे लक्षात ठेव. नागरिकत्वाला आधी पाच वर्षं लागायची, १ ऑक्टोबर २०२४ पासून आठ लागतात.

थंडीची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. उणे वीसला चांगले कपडे पुरतात, आणि ते इथेच घे, ठाण्यातल्या दुकानातलं जाकीट महाबळेश्वरपुरतं. औलूत लोक बर्फातून सायकलने ऑफिसला जातात, हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ मध्ये इथेच भरली होती. जड जातो तो अंधार. डिसेंबरात दिवस साडेतीन तासांचा, आणि तोही ढगाळ. नोव्हेंबर त्याहून वाईट, कारण तेव्हा उजेड परत करणारा बर्फही धड नसतो. पहिल्या नोव्हेंबरात ‘मी इथे का आलो’ असं वाटलं तर ते महिन्याचं काम आहे, त्यावर तिकीट बुक करू नकोस.

आईबाबांचं. बाबांना शुगर आणि बीपी आहे, तू एकुलता एक. इथे मी तुला गोड बोलणार नाही. त्यांना राहायला इथे आणता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, बस. आणि घड्याळ पाठवून त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल असं मनात असेल तर काढून टाक. माझ्या बाबांना दिलेलं घड्याळ नेरूळला फ्रिजवर असतं, ‘चार्जिंगला लावलंय’ हे उत्तर पाठ झालंय. कफशिवाय बीपी सांगणारी घड्याळंही अधूनमधून कफच्या यंत्रावर जुळवून घ्यावी लागतात. साधं दंडाला गुंडाळायचं मशीन घे, वहीत आकडे लिहायला लाव, आणि रात्री दोन वाजता फोन केला तर उठेल असा शेजारी किंवा मावसभाऊ आधी ठरव. हे जमत नसेल तर जाणं वर्षभर पुढे ढकललंस तरी आभाळ कोसळत नाही.

किंवा जाऊच नकोस, हाही पर्याय धर. पवईला आयआयटीत बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, ठाण्याहून रोज जाऊन-येऊन होईल. जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची सरकारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पंतप्रधान फेलोशिप मिळाली तर सुरुवातच ७० हजारांवर. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आलीत, त्यामुळे चाचण्या आणि कागद करता येणारे इंजिनिअर भारतातही लागणार आहेत. औलूत तुला छापील सेन्सर आणि लॅबपासून रुग्णालय-कंपन्यांपर्यंतची तयार साखळी मिळेल. पवईत रुग्ण आणि घाम, दोन्ही भरपूर.

औलूच ठरलं तर मेल छोटी लिही. पहिल्या दोन ओळींत फर्मवेअर, मग लोकलमधला एक आलेख, मग त्या प्राध्यापकाच्या एखाद्या पेपरवर खरा प्रश्न. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, इथे सगळे नावाने हाक मारतात. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर. फक्त जुलैत पाठवू नकोस. जुलैत अख्खा देश तळ्याकाठच्या घरात सुट्टीवर असतो, आणि ऑगस्टमध्ये परत आलेला माणूस वरच्या पन्नास मेल वाचून बाकीच्या पुसून टाकतो.