पाहुण्यांना भाड्याने द्यायचं घर कमी पैशांत कसं सजवावं?

तुमचा प्रश्न असा: दोन बेडरूमचं घर सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचंय, घर घेण्यात आणि डागडुजीत बहुतेक पैसे संपले, आता जे थोडे उरलेत ते कशावर घालावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा. अशी घरं लावून देणं आणि पुढे ती सांभाळणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राहत्या घराचे नियम इथे बाजूला ठेवा. अशा घराचा खरा खर्च ठरतो तो एक पाहुणा सकाळी निघतो आणि दुसरा दुपारी येतो त्या मधल्या तीन-चार तासांत. तेवढ्या वेळात चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायचं, स्वयंपाकघर पुसायचं, काय फुटलं-तुटलं ते बघायचं. दुकानात एखादी वस्तू मनात भरली की ती या तीन-चार तासांत कशी वागेल ते डोळ्यांसमोर आणा. डाग ओल्या फडक्याने निघेल का? कव्हर काढून धुता येईल का? उद्या तुटली तर तशीच दुसरी मिळेल का? यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

सगळ्यात मोठी रक्कम गादीसाठी काढून ठेवा. बाकी बरंच काही जुनं चालतं, गादी मात्र नवीच हवी, आणि त्याचं कारण ढेकूण. जुनी गादी किंवा जुना कापडी सोफा यांच्याबरोबर ते एकदा घरात शिरले की शिवणीत, पलंगाच्या फटीत, स्विचबोर्डच्या मागे जाऊन बसतात, काही न खाता कित्येक महिने तग धरतात, आणि एका फवारणीत बहुधा संपत नाहीत, कारण अंडी मागे राहतात. तोवर घर बंद ठेवावं लागतं. फोमची गादी घेत असाल तर जाडीबरोबर घनता विचारा, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. ३०च्या आतला फोम लवकर बसतो, ४०च्या आसपासचा टिकतो. फार मऊ नको, फार कडकही नको. अनोळखी पाठींना मध्यमच मानवतं. वर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर हवाच, तोही प्रत्येक गादीला दोन, म्हणजे एक धुण्यात असला तरी गादी उघडी राहत नाही. उशा माणशी दोन ठेवा, एक पातळ आणि एक भरीव. झोप चांगली लागली की पाहुणे बाकीच्या पुष्कळ उणिवा माफ करतात, हे मी वारंवार पाहिलंय.

चादरी आणि अभ्रे सगळे पांढरे आणि एकाच मापाचे, एकाच प्रकारचे घ्या. पांढऱ्यावर डाग दिसतील म्हणून बरेच जण कचरतात. पण पांढऱ्या सुती कापडाला ब्लीच चालतं, रंगीत कापड त्यात विटतं. शिवाय एक चादर फाटली तर तेवढी एकच बदलता येते, नक्षीचा अख्खा सेट बाद होत नाही. प्रत्येक पलंगामागे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. धागेमोजणीच्या, म्हणजे एका चौरस इंचात किती धागे ते सांगणाऱ्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. २०० ते ३०० थ्रेड काउंट पुरेसा आहे. त्यावरचे बरेचसे आकडे पिळाच्या धाग्यातले पदर वेगवेगळे मोजून फुगवलेले असतात. हवा दमट असेल आणि इस्त्रीला माणूस नसेल, तर सुती-पॉलिस्टर मिश्र कापड लवकर वाळतं आणि कमी चुरगळतं. टॉवेल ४५० ते ५०० जीएसएमचे (एक चौरस मीटर कापडाचं वजन इतके ग्रॅम) बरे. ७००चा टॉवेल हाताला छान लागतो, पण वाळायला वेळ घेतो आणि त्याला कुबट वास धरतो. प्रत्येक बाथरूममध्ये दोन गडद रंगाचे छोटे नॅपकिन ठेवा, काजळ-लिपस्टिक पुसायला. पांढरे टॉवेल त्यामुळे खूप वाचतात.

यानंतर दिवे. सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा बदल इथेच होतो, तरी लोक इथे पुरेसं लक्ष देत नाहीत याची मला खंत वाटते. बेडरूम आणि हॉलमध्ये २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर बल्ब लावा (केल्विन हा प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा, तो बल्बच्या खोक्यावर असतो), स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चालेल. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक प्रकाशात भिंती निळसर दिसतात आणि खोलीला दवाखान्याची कळा येते. फोटोत तर ते आणखी खटकतं. एका खोलीतले सगळे बल्ब एकाच आकड्याचे असू द्या. छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर कोपऱ्यात एखादा टेबललॅम्प ठेवा, तो जुना असला तरी हरकत नाही. आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना, झोपल्याझोपल्या हात पोचेल असा प्लग पॉइंट आणि दिवा हवा. हे काम भिंतींना रंग देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून उरकून घ्या, मागाहून भिंत फोडणं महागात जातं.

पडद्यांचा दांडा खिडकीच्या चौकटीच्या १० ते १५ सेंमी वर आणि दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंमी जास्त घ्या. पडदे जमिनीपर्यंत सोडा. बाजूला सारले की सगळी काच मोकळी होते आणि छोटी खिडकीही मोठी भासते. कापड साधं असलं तरी बेडरूमच्या पडद्यांना प्रकाश अडवणारं अस्तर लावाच. सुट्टीवर आलेली माणसं उशिरा उठतात, लहान मुलं दुपारी झोपतात.

सोफ्याबाबत माझं मत ठाम आहे. चामड्यासारखं दिसणारं स्वस्त रेक्झिन घेऊ नका. घाम आणि दमटपणाने त्याचा वरचा थर पापुद्रे सुटून निघतो, आणि मग त्याची दुरुस्ती होत नाही. चेन असलेली, धुता येणारी कव्हरं असलेला कापडी सोफा घ्या, मध्यम गडद रंगाचा. सोफा-कम-बेडच्याही मी विरोधात आहे. स्वस्तातला सोफा-कम-बेड बसायलाही नीट नसतो आणि झोपायलाही. जास्तीच्या माणसाची सोय करायचीच असेल तर घडीचा पलंग आणि त्यावर बरी गादी ठेवा. जाहिरातीत जितक्या माणसांची सोय लिहाल तितक्यांना एकाच वेळी बसून जेवता आलं पाहिजे. सहा जण म्हटलं की सहा खुर्च्या, आणि टेबलाच्या कडेला माणशी ६० सेंमी जागा. ताटल्या, वाट्या, पेले दुप्पट ठेवा, नाहीतर दर जेवणानंतर पाहुण्यांना भांडी घासत बसावं लागेल. स्वयंपाकघरात बाकी थोडंच लागतं: एक खरोखर धारेची सुरी, एक मोठं पातेलं, एक चांगला तवा.

पैसे वाचवण्याची मोठी जागा म्हणजे जुनं लाकडी फर्निचर. जेवणाचं टेबल, खुर्च्या, बाकडं, आरसा हे सगळं वापरलेलं घ्या. घेताना उलटं करून बघा. सांधे हलतात का, खाली बारीक पिठासारखा भुसा पडलाय का (असेल तर कीड आहे, हात लावू नका), खण सहज सरकतात का. पॉलिश उडालेलं असेल तर घाबरू नका, घासून नवं करता येतं. याउलट पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) नवंकोरं कपाट ओल्या फरशीवर उभं राहिलं की खालची कड फुगते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. जे काही घ्याल त्याला उंच पाय असावेत, म्हणजे खालून झाडू फिरतो. काचेचं टेबल टाळा. दर वेळी बोटांचे ठसे पुसावे लागतात आणि फुटण्याची धास्ती राहते.

मोठी कपाटंही लागत नाहीत. दोन-तीन दिवसांसाठी आलेला माणूस बहुतेक वेळा बॅग पूर्ण रिकामी करतच नाही. बॅग उघडी ठेवायला एक बुटकं बाकडं, भिंतीवर भक्कम खुंट्या, आठ-दहा हँगर एवढ्यावर भागतं. बाथरूममध्ये मात्र खुंट्या सढळ हाताने लावा, ओले टॉवेल नाहीतर दारावर आणि खुर्च्यांवर पडतात. कुलूप लागणारं एक कपाट स्वतःसाठी राखा, चादरी, बल्ब आणि साफसफाईचं सामान त्यात राहील.

भिंतींना सगळीकडे एकच फिकट, धुता येणारा रंग द्या. उरलेला डबा झाकण घट्ट लावून ठेवा आणि त्यावरचा शेडचा क्रमांक लिहून ठेवा, कारण बॅगांचे ओरखडे पडणारच. छोट्या शोभेच्या वस्तूंवर खर्च करू नका, त्यांच्यावर धूळ बसते आणि त्या हरवतात. सोफ्यामागे भिंतीवर चित्राची एक मोठी चौकट लावा, खोलीला तेवढी पुरते.

एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. धुराचा इशारा देणारं यंत्र, अग्निशामक सिलिंडर, आणि घरात गॅसवर चालणारं काही असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हे सजावटीच्या आधी घ्या. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. पैसे कमी पडले तर गालिचा पुढच्या वर्षी घेता येईल.

हातातले सगळे पैसे मात्र एकदम संपवू नका. साधारण सहावा हिस्सा पहिल्या काही पाहुण्यांनंतर खर्च करायला ठेवा. खुर्ची ओढून बाल्कनीत नेलेली दिसली की तिथे बसायला काहीतरी हवंय, लॅम्प उचलून दुसरीकडे ठेवलेला दिसला की तिथे उजेड कमी पडतोय, चपला दारात अस्ताव्यस्त दिसल्या की रॅक हवा.