सिम्युलेटरमध्ये हायब्रिड मालवाहू एअरशिप उतरवताना टेकतच नाही, तरंगत पुढे जाते. महागडी जॉयस्टिक घेतली तर फरक पडेल का?

जॉयस्टिक राहू द्या, पैसे वाचवा. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की विमानासारखं शेवटी नाक उचलून फ्लेअर करता, तरी ती बसत नाही. कशी बसेल? एवढ्या धुडाचं नाक उचललंत की अख्खं धूडच पंखाचं काम करायला लागतं. हायब्रिडमध्ये बहुतेक वजन हेलियमने आधीच पेललेलं असतं, वेगाने उचलायचे राहतात ते थोडेसे टन. फ्लेअर केल्यावर त्या टनांच्या मानाने उचल फारच जास्त होते, आणि शिप निघाली तरंगत.

हे इतकं तोडून बोलायला कारण आहे. आमचा सिम्युलेटरवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात एक साहेब आहेत, त्यांच्याकडे खऱ्या छोट्या विमानाचं लायसन्स आहे आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. मला ते 'फुगेवाले' म्हणतात. 'काय फुगेवाले, आज वारा कुठे नेतोय?' वर्षानुवर्षं हेच. त्यांचं म्हणणं असं की हायब्रिड म्हणजे हवेपेक्षा जड, जड म्हणजे विमान, मग विमानासारखी उडवा, त्यात वेगळं शिकायचंय काय?

यातलं अर्धं खरं आहे म्हणून तर जास्त चीड येते. हायब्रिड खरोखर हवेपेक्षा जडच ठेवतात. एअरलँडर १० ही ब्रिटिश हायब्रिड शिप घ्या. ९२ मीटर लांबी, ३८,००० घनमीटरचं पोट, आणि एकूण उचलीतली ४० टक्क्यांपर्यंत उचल कवचाच्या आकारातून आणि वेगातून, बाकीची हेलियमची. पण ही वाटणी दगडावर कोरलेली नाही. माल चढला-उतरला, इंधन जळलं, ऊन पडलं की बदलते. विमानवाल्याला याची सवयच नसते. रिकामं झालं म्हणून त्याचं विमान उभ्या जागेवरून वर जात नाही ना!

तर एकदा ग्रुपात मालाची फेरी ठरली. उत्तर कॅनडात लांबच्या खाणींना हिवाळ्यात बर्फावरच्या रस्त्यांनी माल जातो, बर्फ वितळला की रस्ता संपला. मालवाहू एअरशिपचा विषय निघाला की हे उदाहरण येतंच, म्हणून आम्हीही तिथलंच एक गोठलेलं तळं निवडलं. सिम्युलेटर फ्लाइटगिअर, शिपचं मॉडेल मी आणि आणखी एकाने मिळून जुळवलेलं. फ्लाइटगिअरच का, तर त्यातलं जेएसबीसिम, म्हणजे उडण्याचं गणित करणारा भाग, वायूच्या पिशव्या आणि बॅलोनेट (कवचाच्या आतल्या हवेच्या पिशव्या) वेगवेगळे मांडू देतं, दाब आणि तापमान बदललं की उचलही बदलते. एरवी एअरशिप म्हणून जे खपवलं जातं ते बरेचदा हलकं केलेलं विमानच असतं, वर फुग्याचं चित्र चिकटवलेलं. तुमच्या मॉडेलात बॅलोनेटचा काटाच नसेल तर ते त्यातलंच समजा.

माल ८ टन. चालवायला साहेब, कारण 'द्या इकडे, मीच उतरवून दाखवतो'. त्यांनी स्क्रीन शेअर केलेली, आकड्यांची खिडकी एका कोपऱ्यात, आणि मी व्हॉइसवर. लख्ख ऊन होतं. तळ्यापाशी येईपर्यंत इंधन जळून आणि गॅस तापून शिप हवेपेक्षा जेमतेम ६ टन जड उरली होती. मी तसं सांगितलं. 'बरं, बरं.' साहेब ५० नॉटने आले आणि बर्फाजवळ सवयीने स्टिक मागे ओढली. नाक वर गेलं, उतरण्याचा काटा शून्यावर आला, तिथे क्षणभर रेंगाळला आणि चढाकडे सरकायला लागला. थ्रॉटल पार मागे असताना! अख्खं तळं खालून निघून गेलं, मग काठावरची झाडं. मी गप्प.

पुढच्या फेरीला त्यांनी लांबूनच पॉवर काढली. वेग इतका पडला की शेपटीचे पंख मेलेच. रडर (शेपटीचं सुकाणू) पूर्ण डावीकडे आणि नाक निवांत उजवीकडे चाललंय, कारण वारा तिकडे नेत होता. शेवटी इंजिनांचा जोर खालच्या बाजूला वळवून, अक्षरशः रेटून बसवली. हे त्यांना कुणी सुचवलं ते सांगत नाही.

मग त्यांनी इंजिनं बंद केली आणि माल उतरवायचं बटण दाबलं. ६ टन जड असलेल्या शिपमधून ८ टन गेले. एक-दोन सेकंद काहीच नाही. मग नाकाखालची, चाकांऐवजी असलेली हवेची गादी बर्फावरून सुटली, मग मागच्या, आणि इंजिन बंद असलेली रिकामी शिप शांतपणे वर निघाली. व्हॉइसवर कुणी हूं की चूं केलं नाही. साहेब म्हणाले, 'मॉडेल चुकीचं आहे.'

वजाबाकी येते ना? ६ उणे ८.

ज्यांनी खऱ्या शिप बांधायला घेतल्या त्यांनाही माल उतरला की पुढे काय, हाच प्रश्न छळत आलाय. जर्मनीतल्या कार्गोलिफ्टरला १६० टन उचलणारी शिप करायची होती. ती हायब्रिड नव्हती, त्यामुळे माल खाली ठेवताना तेवढ्या वजनाचं पाणी वर घ्यायचं असा बेत होता. २००२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, शिप झालीच नाही, आणि तिच्यासाठी बांधलेल्या ३६० मीटर लांब हँगरात आता वॉटर पार्क आहे, लोक पाण्यात डुंबतात. लॉकहीड मार्टिनची पी-७९१ २००६ मध्ये उडाली, तिला चाकांऐवजी हवेच्या गाद्या होत्या. उतरताना गादी हवा बाहेर सोडते, थांबल्यावर पंखे उलटे फिरवून तीच गादी जमिनीला चिकटवून ठेवायची. आमच्या मॉडेलात या चिकटण्याचा स्विच होता. साहेबांनी तो दाबला नव्हता, आणि चुकीचं मात्र मॉडेल.

असो. तुमच्या उतरण्याचं बघू. खाली यायला लागण्याआधी शिप किती टन जड आहे ते काढा, त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. दोन-तीन टनच जड असेल तर वेगाने येऊन उपयोग नाही, इंजिनं खाली जोर देतील अशी वळवून हळू आणा. चांगली जड असेल तर वेग लागेल, कारण वेग अर्धा झाला की कवचाची उचल पावपटीवर येते आणि ती धपकन बसते. दोन्ही वेळा नाक जवळजवळ सपाट. फ्लेअर विसरा. नाक दाबूनही आणू नका: ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनला एअरलँडर दुसऱ्याच उड्डाणात नाकावर उतरली, कॉकपिट चेपलं, सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्याचा व्हिडिओ बघा, सगळं इतकं संथ चालतं की बघणाऱ्याला वाटतं आता सावरेल.

वेग मारायला लांबूनच सुरुवात करा. काट्यावर ६ टन जड दिसली तरी वस्तुमान तिचं कित्येक पट असतं, आणि आजूबाजूची बरीच हवा ती सोबत ओढत असते. थांबवायचं असतं ते हे सगळं. कवचाचा अवरोध वेग कमी होताच झपाट्याने उतरतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात रिव्हर्स थ्रस्टशिवाय, म्हणजे इंजिनांच्या उलट्या जोराशिवाय, गत्यंतर नाही. रडरचा भरवसा तेव्हा सोडा, नाक फिरवायचं काम डाव्या-उजव्या इंजिनांचा जोर कमीजास्त करून.

उन्हाचं गणितही ठेवा. गॅस बाहेरच्या हवेपेक्षा १० अंश जास्त तापला तर उचल साधारण साडेतीन टक्के वाढते. हेलियम ३० टन उचलत असेल तर टनभर फरक नुसत्या उन्हाचा. ढगाखाली गेलात की तोच टन परत अंगावर येतो, तोही नेमका उतरताना.

आता राहिलेलं. मी खरी एअरशिप कधी चालवलेली नाही, हे सगळं सिम्युलेटरमधलं आहे. तुमच्या मॉडेलात इंजिनं वळत नसतील तर अर्धा सल्ला बाद. आणि जॉयस्टिकबद्दल वर जरा जास्तच बोललो असेन: प्रत्येक इंजिनाला वेगळा दांडा असलेला थ्रॉटल मिळाला तर जरूर घ्या, त्याने फरक पडतो. स्टिक आहे तीच चालेल.

साहेबही इथे वाचायला येतात, मला माहीत आहे. साहेब, मॉडेलची फाइल ग्रुपात उघडी पडली आहे. कुठला आकडा चुकलाय तेवढा दाखवा, लगेच बदलतो.