कामासाठी मायदेशी जाते आहे, घरी सांगू की नको?

ताई,
मी ३९ वर्षांची आहे आणि १२ वर्षं परदेशात नोकरी करते. पुढच्या महिन्यात कंपनी मला नऊ दिवसांसाठी मायदेशी पाठवते आहे. तिथल्या शाखेचं काम आमच्या पद्धतीत बसवायचं आहे आणि दोन्ही भाषा येणारी मी एकटीच. आई-बाबा राहतात ते ठिकाण तिथून रेल्वेने पाच तासांवर आहे. मधला शनिवार-रविवार मोकळा आहे, पण सोबत येणाऱ्या दोन वरिष्ठांनी आत्ताच सांगून ठेवलंय की तेव्हा मी त्यांना ‘माझा देश’ दाखवायचा. घरी अजून काही बोललेले नाही. सांगितलं तर आई म्हणणार, एवढ्या लांबून आलीस ती दीड दिवसासाठी? सहा महिन्यांनी मोठी सुट्टी घेऊन जाणारच आहे. तोवर न सांगता जाऊन आले तर कुणाचं काय बिघडतं?
दुसरंही एक आहे. तिथले सहकारी माझ्याशी आपल्या भाषेत मन मोकळं करतात आणि वरिष्ठ मला बाजूला घेऊन विचारतात, ‘ते खरं काय म्हणत होते?’ व्हिडिओवरच्या बैठकींपासूनच हे चालू आहे. मी नेमकी कुणाची, हेच कळेनासं झालंय. मला अगं-तूगं केलंत तर बरं वाटेल.
— दोन्हीकडची पाहुणी

प्रिय पाहुणे,

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पत्राचा सगळा भार त्याच्यावर आहे. न सांगता जाऊन येऊ नकोस.

माझा धाकटा भाऊ असाच एकदा आला होता. चार दिवसांचं काम होतं, आईचं घर त्या शहरापासून लांब होतं आणि दगदग नको म्हणून तो कुणालाच काही बोलला नाही. त्यामागे प्रेमच होतं, मला शंका नाही. तीन-चार महिन्यांनी फोनवर बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी मात्र ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन बसली आणि त्या चार दिवसांत आपण काय करत होतो ते आठवत राहिली. बुधवारी दवाखान्यात गेले होते, गुरुवारी दुपारी त्याच्याशी फोनवर बोललेसुद्धा, तेव्हा तो इथेच होता. भेट झाली नाही याचं दुःख तिने गिळलं असतं. पण तो जवळ असताना आपण त्याला लांब समजून बोलत होतो, हे तिला सोसलं नाही. त्यानंतर तो फोनवर ‘बाहेर आहे, नंतर बोलतो’ म्हणाला की ती मला विचारायची, बाहेर म्हणजे कुठे असेल गं?

कुणाचं काय बिघडतं, असं तू विचारलंस. हे बिघडतं. आणि हल्ली तर न कळणं जवळजवळ अशक्य आहे. शाखेतला कुणीतरी बैठकीचा फोटो टाकतो आणि तो कुठल्या तरी मावसबहिणीच्या फोनवर पोचतो.

आता कसं सांगायचं ते. आईच्या ‘दीडच दिवस?’ची तुला भीती वाटते, म्हणून तू फोनवर सुरुवातीलाच माफी मागशील असा माझा अंदाज आहे. तसं करू नकोस. तारीख आणि वेळ घेऊनच फोन कर. ‘आई, मी कामासाठी येते आहे. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमाराला घरी पोचते, रविवारी दुपारी दोनच्या गाडीने निघते.’ संध्याकाळी सहाची गाडी मिळाली तर हे जमतं आणि त्याचे ३९ तास होतात. ‘बघू, जमलं तर येते’ असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. त्या ‘बघू’पायी घरातली माणसं आठवडाभर दारावरच्या प्रत्येक चाहुलीला उठतात. आणि या ३९ तासांत कोण कोण भेटायला येणार तेही फोनवरच ठरवून टाक. ‘या वेळी फक्त तुम्ही दोघं, बाकीच्यांना सुट्टीत भेटेन’ हे स्पष्ट बोल. नाहीतर नातेवाइकांच्या गर्दीत तू आईशी एक वाक्यही धड बोलणार नाहीस. तुझ्या वतीने ‘नाही’ म्हणायचं काम बाबांवर सोपव. ते त्यांना आवडेल.

आई-बाबांनाच कामाच्या ठिकाणी बोलावून घ्यावं, असंही तुझ्या मनात येईल. मला ते पटत नाही. तू रात्री आठला थकून परतणार आणि ते दिवसभर हॉटेलच्या खोलीत तुझी वाट बघत बसणार. आपल्या घरात लेकीची वाट बघणं निराळं. प्रवास झेपत असेल आणि त्यांनाच हौस असेल, तर गोष्ट वेगळी.

झोपेबद्दल आधीच बोलून ठेव. आपल्या शरीरातलं घड्याळ नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. पूर्वेकडे प्रवास केला तर आणखी हळू, कारण त्या घड्याळाचा स्वतःचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो आणि त्याला मागे सरकणं, म्हणजे उशिरा झोपणं, सोपं जातं; पुढे सरकणं, म्हणजे लवकर झोपणं, अवघड. दोन देशांच्या वेळेत आठ तासांचा फरक असेल तर शुक्रवारपर्यंत तू अर्ध्या वाटेवरच असशील. म्हणजे शनिवारी दुपारी तुझे डोळे मिटणार आणि पहाटे तीनला तू टक्क जागी असणार. आईला हे माहीत नसेल तर तिला वाटेल, आली आणि झोपून राहिली. माहीत असेल तर ती दुपारी पडदे ओढून घेईल. पहाटे तू उठलीस की त्या वयाची माणसं बहुधा जागीच असतात. सुट्टीच्या तीन आठवड्यांत जे बोलणं होत नाही ते अशा पहाटे होतं. मी ते अनुभवलंय.

वरिष्ठांना शनिवार-रविवारबद्दल आजच ईमेल कर. कारण द्यायचं ते एका ओळीत: ‘ते दोन दिवस मी आई-वडिलांकडे आहे.’ परवानगी मागू नकोस, कळव. त्यांना एखादी चांगली वाटाडी सुचव म्हणजे झालं. देश दाखवणं तुझ्या कामात कुठेही लिहिलेलं नाही. तुझा जन्म तिथे झाला म्हणून कंपनीला ते फुकट मिळायला हवं, असं थोडंच आहे?

तुझ्या दुसऱ्या दुखण्याचं मूळही मला इथेच दिसतं. परिषदांमध्ये काचेच्या खोलीत बसून भाषांतर करणारे दुभाषी जोडीने काम करतात आणि साधारण अर्ध्या तासाने एकमेकांना मोकळं करतात, कारण त्यापुढे मेंदू साथ देत नाही. ते काम तू एकटी दिवसभर करणार आहेस. वर स्वतःचं काम आहेच. त्यावर पुन्हा ‘ते खरं काय म्हणत होते?’ची जबाबदारी. शिणून माणसाला आपण कोण हे कळेनासं झालं, तर त्यात नवल नाही. निघण्यापूर्वी मोठ्या बैठकींसाठी दुभाषी माग. नाहीच मिळाला तर बैठका लहान ठेवायला सांग आणि मध्ये विश्रांती घे.

मन मोकळं करणाऱ्या सहकाऱ्यांशी पहिल्याच दिवशी, आपल्या भाषेतच, सरळ बोल: ‘कामाबद्दल मला जे सांगाल ते मी वरपर्यंत पोचवेन, आणि तुमचं नाव तुम्हाला विचारूनच घेईन. जे पोचू नये असं वाटतं ते मला सांगू नका.’ थोडी निराशा होईल त्यांची. पण नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटण्यापेक्षा ही निराशा बरी. वरिष्ठांनी बाजूला घेतलं की म्हण, ‘चला, त्यांनाच विचारू, मी भाषांतर करते.’ दोनदा असं झालं की ते विचारायचे थांबतील.

कागदपत्रांकडे घाईत दुर्लक्ष होतं, म्हणून तेही सांगते. नागरिकत्व बदललंस की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. बदललं असेल तर ज्या देशात जन्मलीस तिथेही कामासाठी जाताना योग्य व्हिसा लागू शकतो, आणि नातेवाइकांना भेटायला मिळालेला व्हिसा कामाला चालेलच असं नाही. दोन्ही नागरिकत्वं असतील तर काही देश आपल्या नागरिकाने आपल्याच पासपोर्टवर यावं असा आग्रह धरतात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे ना, तेही बघ. कंपनीचा प्रवास विमा त्या दोन खासगी दिवसांना लागू आहे का, हे लेखी विचारून घे. आणि कुणी म्हणालं की ‘थांब की अजून दोन महिने, तिथूनच काम कर’, तर आधी कराचा विचार कर. दोन देशांमधले बहुतेक कराबाबतचे करार १८३ दिवसांपर्यंत पगारावर तिथे कर लावत नाहीत, पण त्याला इतर अटीही असतात. पगाराचा खर्च तिथली शाखा उचलत असेल तर ती सवलत जाऊ शकते. नऊ दिवसांतही हा प्रश्न कुणाला तरी विचारलेला बरा.

राहिलं ‘मी नेमकी कुणाची?’ १९६३ मध्ये गुलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने परदेशातून परतणाऱ्यांचा अभ्यास मांडला. परक्या देशात गेल्यावर मन जसं आधी फुलतं, मग खचतं आणि मग सावरतं, तसंच घरी परतल्यावर पुन्हा एकदा होतं, असं त्यांना आढळलं. पण सावरायला काळ लागतो. नऊ दिवसांत तुझ्या वाट्याला फक्त सुरुवातीची ओढ आणि पहिला धक्का येणार. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकशील, नेहमीचा शब्द वेळेवर आठवणार नाही, कुणीतरी ‘तुमच्याकडे कसं असतं?’ विचारेल आणि ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे हे तुला क्षणभर समजणार नाही. त्या नऊ दिवसांवरून स्वतःबद्दल कुठलाही निकाल लावू नकोस.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात एक कलम आहे: कुणालाही ‘स्वतःच्या देशात’ येण्याचा हक्क मनमानी करून नाकारता येणार नाही. तिथे ‘नागरिकत्वाचा देश’ असं लिहिलेलं नाही. पुढे १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितलं की ‘स्वतःचा देश’ ही कल्पना नागरिकत्वाहून मोठी आहे. कायद्याच्या माणसांनीसुद्धा ही जागा मोकळी ठेवली. तू ती आजच्या आज बंद करायची घाई का करतेस?

फोन मात्र आज संध्याकाळीच कर. आई म्हणेलच, ‘एवढ्या लांबून येऊन दीडच दिवस?’ तेव्हा सुट्टीचं आश्वासन देत बसू नकोस, कामाचं कारणही सांगू नकोस. ‘हो गं, मलाही कमीच वाटतोय,’ एवढं म्हण आणि ती पुढे काय बोलते ते ऐक.

तुझी,
ताई