रेट कुठे होता ते सांगितलंच कशाला?

प्रश्न : ताई, कॉलेजात असताना 'गॉन विथ द विंड' ही अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली कादंबरी तीनदा वाचलेली, शेवटी रेट नायिकेला, स्कार्लेटला, सोडून निघून जातो तिथे दर वेळी रडलेय. परवा भाच्याने मुंबईहून 'रेट बटलर्स पीपल' आणलं, तीच गोष्ट रेटच्या बाजूने आणि पुढचं काय झालं तेही. बाहेर पाऊस कोसळतोय, लाइट गेलेली, मी हौसेने बॅटरी लावून बसले आणि दीडशे पानांत कंटाळून ठेवून दिलं. माझं वय झालं की पुस्तकच फुसकं? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : वयाला कशाला दोष देताय, मीसुद्धा दोनदा पेंगले. मार्गारेट मिचेलने 1936 ला कादंबरी दिली आणि 1949 मध्ये जाईपर्यंत पुढचा भाग काही लिहिला नाही, नाहीच म्हणायची. मग वारसदारांच्या परवानगीने 1991 चं 'स्कार्लेट' आलं, त्यात बाईसाहेब थेट आयर्लंडला, आणि 2007 मध्ये डोनाल्ड मकेगचं हे तुमचं. एकाच खोबऱ्यातून तिसऱ्यांदा दूध काढलं की हाती काय येतं ते तुम्हाला मी काय सांगायचं.

पण खरी गोची वेगळीच आहे. मूळ पुस्तकात रेट आपल्याला दिसतो तो बहुतेक स्कार्लेटच्या नजरेतून, आणि तिला माणसं ओळखताच येत नाहीत! तो महिनोन्महिने गायब, मग अचानक पॅरिसची हिरवी टोपी घेऊन हजर, मधे कुठे होता माहीत नाही म्हणून तर आपण त्याच्यात अडकतो ना. मकेग सगळा हिशेब देत बसतो, बाप कसा, बहीण कशी, द्वंद्वयुद्ध कशावरून, आणि रेट एकदम शेजारच्या घरातला वाटायला लागतो.

मकेगच्या पुस्तकातल्या, दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या चार्ल्सटन शहराजवळच्या भातशेतीत मात्र मी रमले. तिकडे भरतीने वर चढणारं नदीचं गोडं पाणी दारं उघडून शेतात घ्यायचे, आपल्या खारबंधाऱ्याच्या उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, उलट खारं पाणी बाहेर ठेवायला. राबायचे गुलाम, आणि मिचेलबाईंनी त्यांच्या बाजूने कधी बघितलंच नाही. तिथे नव्याने सांगण्यासारखं होतं. ॲलिस रँडलने 2001 मध्ये 'द विंड डन गॉन'मध्ये तेच केलं, स्कार्लेटची गुलाम सावत्र बहीण बोलते, तर वारसदारांनी कोर्टात खेचलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली. मिळालं तर ते वाचा.

आणि हे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा हो, बुरशी लागेल, भाचा गणपतीत आला की विचारणारच.