भुताच्या गोष्टी वाचून रोजच्या वापरातलं इंग्रजी येतं का? सुरुवात कुठून करावी, शब्द लक्षात कसे ठेवावेत?

येतं. मला आलं. एवढं ठासून सांगतेय, कारण याच मुद्द्यावरून माझं आणि दादाचं गेली वीसेक वर्षं भांडण चालू आहे.

दादाची पद्धत यादीची. रोज वीस शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, संध्याकाळी तोंडी परीक्षा. मी त्याच वेळात शिकणाऱ्यांसाठी सोप्या करून लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचत पडलेली असायचे. "भुतं काय इंग्रजी शिकवणार, कपाळ!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पुढे मला घरगुती यंत्रांच्या तक्रारी फोनवर घ्यायची नोकरी लागली. रात्रपाळी, ग्राहक परदेशातले. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी व्याकरणात माझ्या कितीतरी पुढे, कर्मणी प्रयोग झोपेतही चुकायची नाही. एका रात्री तिच्याकडे एका बाईंचा फोन आला. फ्रिजचा अलार्म रोज रात्री 'गोज ऑफ', त्यामुळे झोपेचं खोबरं झालंय, असं त्यांचं म्हणणं. हिनं तक्रार लिहिली: अलार्म आपोआप बंद पडतो. ऑफ म्हणजे बंद, त्यात शंका कसली घ्यायची? दुरुस्तीवाला गेला, अलार्म वाजवून पाहिला, छान वाजतोय म्हणाला आणि परत आला. दुसऱ्या रात्री त्या बाईंचा फोन नेमका माझ्याकडे. पहिली चार मिनिटं मी नुसतं सॉरी म्हणत होते.

'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. शब्द तेच, अर्थ उलटे. हे मला कुठल्या यादीनं शिकवलं नव्हतं. एका गोष्टीत कुलूपबंद खोलीतलं गजराचं घड्याळ रोज पहाटे तीनला 'वेंट ऑफ' होतं, आणि त्याला वर्षानुवर्षं कुणी चावी दिलेली नसते. इथे 'बंद पडलं' असा अर्थ घेतला तर गोष्टच उरत नाही. चावी न दिलेलं घड्याळ बंद पडलं, तर त्यात घाबरायचं काय? भीती वाटायची तर अर्थ बरोबर लागावाच लागतो. यादीत हे होत नाही, तिथे चुकीचा अर्थही गुण्यागोविंदानं पाठ होतो.

त्या नोकरीत आणखी एक कळलं. झपाटलेलं घर आणि बिघडलेलं यंत्र, दोघांचं इंग्रजी एकच. क्रीक, रॅटल, थड, हम (घूं घूं), ड्रिप (ठिबकणं), फ्लिकर (दिवा लुकलुकणं). ग्राहक सांगायचे की मशीन आधी 'रॅटल' होतं आणि मग एक 'थड' येतो, आणि आमच्यातले निम्मे लोक हे स्पेलिंग काय म्हणून विचारायचे. खडखड आणि धप्प, बस. आपल्याला तर हे सोपं जायला हवं, कारण मराठीतही आवाजाचंच क्रियापद होतं: दार करकरतं, पानं सळसळतात. तसंच द डोअर क्रीक्स, द लीव्ह्ज रसल. 'साउंड इज कमिंग' कशाला म्हणायचं?

व्याकरणही येतं, पण चोरपावलांनी. ती जिना चढत होती तेवढ्यात दिवा गेला: 'शी वॉज क्लाइंबिंग द स्टेअर्स व्हेन द लाइट वेंट आउट'. चालू भूतकाळ आणि साधा भूतकाळ एका वाक्यात, आणि कुठला कुठे ते कुणी समजावावं लागत नाही. क्रीप-क्रेप्ट, शेक-शुक, हाइड-हिड, फ्रीझ-फ्रोझ ही वाकडी रूपंही अशीच अंगवळणी पडली.

सुरुवात कुठून? सोप्या केलेल्या आवृत्त्यांपासून. मूळ वाचायचंच असेल तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' घ्या. 1902 ची आहे, मधेमधे भाषा जुनी लागेल, पण शेवटच्या भागात दारावरची थाप, जिना, साखळी, अडसर, सगळं घर बोलतं. शब्द लक्षात ठेवायला वही करू नका. हो, करूच नका. एकच गोष्ट तीनदा वाचा, तिसऱ्यांदा मोठ्यानं, आणि मग पुस्तक मिटून कुणाला तरी इंग्रजीत सांगा. जिथे अडखळाल तो शब्द तुमचा झालेला नाही.

आता थोडं माझ्याविरुद्धही. सगळेच शब्द रोजचे नसतात. मी एकदा ग्राहकाला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की तुमचं वॉशिंग मशीन 'मोन' करतंय का, म्हणजे कण्हतंय का. तो जो हसत सुटला, ते रेकॉर्डिंग आमच्या साहेबांनी नंतर सगळ्यांना ऐकवलं. 'ईरी' (गूढ, भीतीदायक) वगैरे शब्द वाचताना कळले म्हणजे पुरे, फोनवर वापरायला जाऊ नका. रजेचा अर्ज, बँकेतलं बोलणं हेही या गोष्टींत मिळणार नाही. आणि हो, आजकाल कुणी 'ही घोस्टेड मी' म्हणालं तर तिथे भूत नसतं, माणूस न सांगता बोलणं तोडून गायब झालेला असतो.

दादा आता आपल्या मुलीला रोज वीस शब्द देतो. ती बिचारी 'अबॅन्डन', 'अबेट' करत बसलेली असते, आणि मी गेले की हळूच विचारते, "आत्या, ती घड्याळाची गोष्ट सांग ना."

परवा मात्र दादाचाच मेसेज आला. लॅपटॉप अडकला होता, परदेशातल्या मदतवाल्याला कळवायचं होतं आणि त्यानं लिहिलं होतं 'स्क्रीन इज स्टॉप्ड अँड नॉट मूव्हिंग'. याला नीट काय म्हणतात, असं विचारत होता. मी लिहिलं: 'द स्क्रीन फ्रोझ. भूत दिसल्यावर माणसाचं होतं ना, तेच.'

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.