गाणं सुरू कधी होणार?

प्रश्न : टायला या गायिकेचं 'वॉटर' गाणं ऐकलं, फार आवडलं. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या आमापियानो या संगीतप्रकाराचा अंश आहे असं कळलं, म्हणून ते शोधून ऐकू लागलो. पण एकेक गाणं सात-आठ मिनिटांचं! दीड-दोन मिनिटं नुसता खुळखुळा वाजतो, मग मी कंटाळून पुढचं लावतो. मलाच कळत नाही, की त्यात काही नाहीच?

उत्तर : आधी सांगा, ऐकता कशावर? फोनच्या स्पीकरवर असेल, तर तुमचा दोष नाही. आमापियानोचा जीव 'लॉग ड्रम'मध्ये. नाव ड्रम, पण चामड्याशी संबंध नाही. संगणकावर घडवलेला, घुमणारा, मध्येच घसरणारा खर्जाचा आवाज तो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, मग उरतो तुमचा खुळखुळा. मीही महिनाभर तसंच ऐकून नाक मुरडत होतो. एका रात्री हेडफोन लावले. दोनेक मिनिटांनी लॉग ड्रम आला आणि मी दचकून ते काढलेच, वाटलं, बिघडले.

आता लांबीचं. 'वॉटर' साडेतीन मिनिटांच्या आत आटपतं, कारण ते पॉप गाणं आहे. (ग्रॅमीने २०२४ मध्ये आफ्रिकी संगीतासाठी नवं पारितोषिक सुरू केलं, ते पहिलंवहिलं त्यालाच.) आमापियानो मात्र जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडच्या टाउनशिपांत, म्हणजे शहराबाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, नाचण्यासाठी जन्मलं. डीप हाऊस आणि क्वायतो हे नाचाच्या संगीताचे प्रकार त्याचे पूर्वज. चाल निवांत, मिनिटाला ११०-११५ ठोके. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायला डीजेला जागा लागते, नाचणाऱ्यालाही अंग मोकळं करायला वेळ हवाच. तुम्ही ज्याला 'काहीच नाही' म्हणता, तो हा वेळ. तिकडे लाडाने 'यानोस' म्हणतात याला. काब्झा डी स्मॉल आणि डीजे माफोरिसा यांचा 'स्कॉर्पियन किंग्ज' (२०१९) हा अल्बम सलग लावा, हातात दुसरं काही काम असताना. समोर बसून वाट पाहू नका.

असाच धीर काँगोची राजधानी किन्शासा इथल्या गाण्यांना लागतो. आधी लिंगाला भाषेतलं संथ, आर्जवी गाणं. ते संपतंय असं वाटतं तोच 'सेबेन' सुरू होतो, गिटारी एकमेकींत गुंतत धावू लागतात आणि गायकाऐवजी आरोळ्या ठोकणारा पुढे येतो. तिथला गायक फाली इपुपा ऐकून बघा. मी कित्येक दिवस सेबेनच्या अगदी उंबरठ्यावरून परत फिरलो होतो, पुढचं बटण दाबून.