फायदे-तोटे, पण कोणाच्या नावावर?

“मॅडम, मुंबई सोडून गावी जावं असं वाटतंय. चुकीचं तर नाही ना होणार?”

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले असतात. घर कल्याणच्या पलीकडे, कर्ज अर्धं फिटलेलं, आईवडील गावाला किंवा नुकतेच गावाहून आणलेले. बरेच जण येताना कागद घेऊनच येतात. मधोमध रेघ, एका बाजूला नोकरी, शाळा, दवाखाने. दुसऱ्या बाजूला लोकल, धूर, महागाई. त्यातलं काहीच खोटं नसतं, तरी त्यावरून निर्णय होत नाही. का होत नाही, हे मला संदीपच्या घराने शिकवलं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांची परवानगी आहे.)

संदीप एकेचाळीस वर्षांचा, मूळ संगमेश्वर तालुक्यातला. फोर्टमध्ये एका कचेरीत हिशेबाचं काम, घर बदलापूर पूर्वेला. बायको रेश्मा परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स, मुलगा आठ वर्षांचा. वडील गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, त्याने आईला गावाहून आणलं होतं. पहिल्या भेटीत तो फक्त आईबद्दल बोलला. ती जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर खिडकीशी बसते. “आईसाठी गावी जायलाच हवं,” हे वाक्य त्याने तासाभरात पाच वेळा तरी म्हटलं.

निघताना जिन्यात थांबून म्हणाला, “हल्ली फलाटावर उभा राहिलो की छातीत धडधडतं. गाडी समोर येते, पाय उचलत नाही. दोन-तीन गाड्या सोडतो.”

असं काही ऐकलं की मी आधी डॉक्टरकडे पाठवते, समुपदेशन त्यानंतर. त्याचा ईसीजी चांगला आला. आईच्या तपासण्यांत बी-१२ खूप कमी निघालं, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी सौम्य नैराश्याची गोळी सुरू केली. म्हातारं माणूस गप्प झालं की घरचे “शहर मानवत नाही” म्हणून मोकळे होतात. शहर नसेलही मानवत, पण रक्त तपासायला काय हरकत आहे?

मग तिघांना एकेक वही दिली. आठवडाभर फक्त वेळा लिहायच्या. कुठे होतो, काय केलं, सोबत कोण होतं. कुठला तास नकोसा वाटला त्यावर फुली, आणि कुठला कोणी मागितला तरी देणार नाही त्याभोवती गोल.

संदीपच्या वहीत फुल्याच फुल्या. घरापासून कचेरीपर्यंत सव्वादोन तास, तेवढेच परतीला. शनिवार धरून महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे एकशे साडेबारा तास. साडेचारहून जास्त दिवस-रात्री हा माणूस दर महिन्याला रिक्षा, फलाट आणि डब्यात काढत होता, त्यातला बराचसा उभ्याने. आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा तो खाली बघत राहिला.

रेश्माच्या वहीत प्रवास तेवढाच होता आणि प्रवासावर फुली एकही नव्हती. “लेडीज डब्यात माझा ग्रुप आहे,” ती म्हणाली. “भाजी तिथेच निवडून होते, भांडणंही तिथेच मिटतात. दुपारची ड्युटी असली की रात्री सव्वाअकराला बदलापूरला उतरते. इतक्या रात्री कुठून आलीस, असं कोणी विचारत नाही. गावी मी अमक्याची सून, तमक्याची बायको. वॉर्डात मला सिस्टर म्हणतात.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि मॅडम, टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर झोपून उपचार घेणारी माणसं मी रोज बघते. लांबलांबून येतात, आपल्याकडचीही असतात. ज्यासाठी ती इतका प्रवास करून येतात ते सोडून आम्ही जायचं?”

आईंना लिहिणं जड जात होतं, म्हणून त्यांची वही नातवाने लिहिली होती. सकाळी सगळे निघून जातात. दुपारी एकला नातू शाळेतून येतो. त्यानंतर संदीप पोचेपर्यंत, पावणेनऊपर्यंत, आजी आणि नातू चौथ्या मजल्यावर कडी लावून. तिथे मला पहिल्यांदा उलगडलं. आई आल्या म्हणून रेश्मा लहान दवाखान्यातली दिवसाची नोकरी सोडून मोठ्या रुग्णालयातल्या पाळ्या घेऊ शकली, पगार वाढला, हप्ता वेळेवर जाऊ लागला. त्या घराला शहराचा जो फायदा होत होता, त्याचं मोल आई आपल्या एकटेपणाने चुकवत होत्या. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण वाईट कोणीच नव्हतं.

मधोमध रेघ मारलेल्या कागदात हाच रकाना नसतो: कोणाला? फायदा एकाच्या पदरात पडतो आणि तोटा दुसऱ्याच्या, आणि बेरीज मात्र आपण सगळ्या घराची म्हणून करतो. हे आजचंही नाही. संदीपचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गावकीच्या खोलीत पंचवीस-तीस जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि गावाला मनीऑर्डर पाठवत. शेती, गुरं, सासू-सासरे हे सगळं गावात बायकोच्या डोक्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी ते गावी परतले. आई मला म्हणाल्या, “लग्न झालं तेव्हा हे मुंबयला नि मी गावात. आता मी मुंबयला, तर हे नाहीत.”

मी विचारलं, गावी जायचंय का? मला वाटलं होतं, लगेच हो म्हणतील.

“त्या घरात एकटी जाऊन काय करू बाई? रात्रीचं भ्या वाटतं.” मग हळूच म्हणाल्या, “हितं दार लावूनच बसायचं. कोन आलं, कोन गेलं, काय कळत नाय. दार उघडं असतं तर बरं होतं.”

मुलाला त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. आणि मुलानेही विचारलं नव्हतं, कारण आईचं नाव पुढे केलं की स्वतः थकलोय हे सांगावं लागत नव्हतं. चाळिशीतल्या पुरुषांमध्ये मला हे फार दिसतं. “मला झेपत नाही” म्हणण्यापेक्षा नोकरी सोडणं त्यांना सोपं वाटतं. संदीपला मी हे सरळच सांगितलं. तो चिडला. पुढच्या भेटीला आलाही नाही. त्याच्या पुढच्या भेटीला आला.

तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. सहा महिने राजीनामा द्यायचा नाही. आणि पंधरा दिवसांची रजा काढून गावी राहायचं, पण मे महिन्यात नाही, गणपतीतही नाही. चाकरमानी गाव बघतो ते याच दोन वेळी, घर माणसांनी भरलेलं आणि पानात आंबे किंवा मोदक असताना. परतायचं की नाही हे त्या गावावरून ठरवू नये. तो जुलैत गेला, ऐन लावणीत. पहिले सहा दिवस नुसता झोपला. मग वीज दोन दिवस नव्हती. मग सातबारा काढला, त्यावर अकरा नावं. चुलतभावांना विचारल्याशिवाय पडवीची कौलंसुद्धा बदलता येईनात. रत्नागिरीत कामाची चौकशी केली, पगार निम्म्याहून कमी. परत आल्यावर म्हणाला, “मॅडम, मला गाव हवं होतं की झोप, तेच कळेनासं झालंय.”

मला ते उत्तर आवडलं. काहींना खरोखरच गाव हवं असतं, आणि जमीन, हाताला काम आणि जोडीदाराची मनापासून तयारी असेल तर मी त्यांना थांबवत नाही. इथे तिन्ही नव्हतं.

पुढच्या तीन बैठका तिघं एकत्र बसले. बदलापूरचं घर भाड्याने द्यायचं आणि चुनाभट्टीला जुन्या चाळीत जागा घ्यायची, हे रेश्माने सुचवलं. तिथून हार्बरने संदीपची कचेरी पाऊण तासावर, तिचं रुग्णालयही जवळ. भाडं येतं त्यापेक्षा जातं जास्त, ती तूट तिच्या पगारातून. जागा निम्मी झाली. पाणी सकाळी दोनच तास येतं. नातवाचं सोसायटीतलं मैदान गेलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. शाळा बदलताना त्याला कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही; चौथी वही त्याला द्यायला हवी होती.

आई गॅलरीत बसतात. दारं उघडी असतात. शेजारच्या दोन बायका संगमेश्वराच्या अलीकडच्या निघाल्या, त्यातल्या एकीशी पंधरवड्यातच मीठ-तेलावरून वाजलं. हे सांगताना आईंचा आवाज पहिल्यांदा मोठा लागला. गणपतीला त्या गावी जातात आणि भातकापणी उरकेपर्यंत राहतात, सोबत त्यांची धाकटी नणंद. तेवढे दिवस रेश्मा सकाळची ड्युटी मागून घेते.

संदीपची धडधड कमी झाली आहे, गेलेली नाही. गर्दीची गाडी तो अजूनही एखादी सोडतो. घर सोडून पुन्हा लांब पळावंसं वाटण्याचे दिवस येतात, तेव्हा फोन करतो.

भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे, जूनमध्ये संपेल. त्याआधी पुन्हा बसायचं ठरलंय, सगळे आपापली वही घेऊन. या वेळी वह्या चार आहेत.